सातव्या बाटलीचं झाकण

जंतूवाली स्वतः जिना चढून वर आली, तेव्हाच धाकटीनं काय ते ओळखलं. बातमी चांगली असती तर ती खालूनच फोनवर ओरडली असती. वाईट बातमी द्यायला मात्र ती जातीनं यायची, आणि आल्याआल्या आधी बेसिनकडे जाऊन हात धुवायची. आज तिनं दोनदा साबण लावला.

"मेला का?" धाकटीनं विचारलं.

"कुठला मरतोय! तुझं औषध पिऊन आणखी तरारलाय मेला." जंतूवालीनं ओले हात कोटाला पुसले. "बश्या बदलून पाहिल्या, पाणी बदलून पाहिलं. काही फरक नाही गं. साहेबांना सांगायच्या आधी तुला सांगते आहे."

जंतूवाली म्हणजे खालच्या मजल्यावर काचेच्या बश्यांमध्ये रोगाचे जंतू वाढवणारी आणि वरच्यांनी बनवलेली औषधं त्यांच्यावर ओतून बघणारी. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. धाकटीचंही तसंच. घरात दोन भावंडांतली धाकटी, आणि थोरला भाऊ याच लॅबमध्ये वरच्या जागेवर, म्हणून इथंही ती धाकटीच. कानाजवळचे केस पिकले तरी कुणाला ते नाव बदलावंसं वाटलं नाही, आणि तिलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

या लॅबचा धंदा कसा चालायचा ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. इथं एकेक औषध बनवत नसत, घाऊक बनवत. शेंगदाण्याएवढ्या जाळीच्या डब्या असायच्या. प्रत्येक डबीत राळेचे बारीक मणी आणि त्यांच्या सोबतीला काचेत बंद केलेली एक चिप. मण्यांवर औषधाचा रेणू तुकड्याला तुकडा जोडत वाढवायचा. एक तुकडा जोडून झाला की सगळ्या डब्या एकाच मोठ्या भांड्यात धुवायच्या, म्हणजे हजारो डब्यांची नुसती सरमिसळ. मग एकेक डबी वाचक-यंत्राखाली धरायची. यंत्र चिपला विचारणार, बाई गं, तू कुठवर आलीस? आणि लगेच तिच्यावर पुढचं लिहून टाकणार, आता तू सातव्या बाटलीत जा. टुक असा आवाज झाला की ती डबी सातव्या ताटलीत. ताटल्या भरल्या की ज्या त्या ताटलीतल्या डब्या ज्या त्या बाटलीत ओतायच्या; प्रत्येक बाटलीत जोडायचा तुकडा, म्हणजे एखादं आम्ल, निराळं. शेवटी एखादी डबी कामाची निघाली, की तिची चिप वाचली म्हणजे तिच्या पोटातल्या रेणूची सगळी जन्मकथा हाती यायची. साहेब हे यंत्र पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं दाखवत. "आमची डबी काही म्हणता काही विसरत नाही," असं म्हणत, आणि पाहुणे माना डोलवत.

यातली गोम साहेब पाहुण्यांना सांगत नसत. सातव्या बाटलीत जा, असं चिपवर लिहिलं जायचं ते डबी बाटलीत पडण्याच्या आधी. पुढे ती सातव्यात पडली, आठव्यात पडली की मोरीत वाहून गेली, हे तिला कोण सांगणार? तिच्या लेखी ती सातव्यात गेली म्हणजे गेली. हुकूम लक्षात ठेवायचा आणि झालं काय ते ठाऊक नसायचं, अशी ती स्मरणशक्ती. माणसांमध्येही अशी पुष्कळ असतात आणि चांगली बढती मिळवतात.

तर गेल्या खेपेला हजारो डब्यांतून एक डबी अशी निघाली, की तिच्यातल्या थेंबभर औषधानं जंतूवालीचा सगळ्यात हट्टी जंतू साफ आडवा केला. हा जंतू बाजारातल्या कुठल्याही औषधाला भीक घालत नव्हता. जंतूवाली त्या दिवशी जिन्यात नाचली होती. डबीतल्या रेणूचा गाभा धाकटीचा होता, अणूंचं एक कडं. तरुणपणापासून ती या एका कड्याच्या मागे होती. लोक लग्नं करत होते, परदेशी जात होते, आणि ही बसली होती एका कड्याला जपत. चिप वाचली. धाकटीचा गाभा, त्याला सातव्या बाटलीतलं आम्ल. आता नियमाप्रमाणे तेच औषध नव्यानं, जरा जास्त बनवायचं आणि जंतू पुन्हा मारून दाखवायचा. मेला तर गाभा खरा, धाकटीचं काम पुढे चालू. नाही मेला तर कामाचं दार बंद, आणि तिची नेमणूक त्या कामापुरतीच असल्यामुळे तीही बाहेर. साहेबांनी हे तिला आधीच गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

तिनं जिवापाड जपून सातवं बनवलं. जंतू मेला नाही. पुन्हा बनवलं. आज जंतूवाली दोनदा साबण लावून गेली.

जंतूवाली जिना उतरून गेल्यावर धाकटी हूडसमोर उभी राहिली. हूड म्हणजे हवा ओढून घेणारं काचेचं मोठं कपाट, विषारी वाफांचं काम त्यातच करायचं. आत बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीच्या झाकणावर काळ्या मार्करनं आकडा. काचेवर लिहिलेलं तिथं टिकायचं नाही. द्रावणाचा एक ओघळ आला की आकडा गायब, चिकटवलेला कागदही सुटून यायचा. म्हणून या लॅबमध्ये बाटलीचं नाव तिच्या झाकणावर असायचं. आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली जायची, एका वेळी एकच झाकण. एक उघडा, घालायचं ते घाला, बंद करा, मग दुसरं. धाकटीच्या डोक्यात हे दादानंच बसवलं होतं. ती नवी असताना तिनं एकदा दोन झाकणं काढली, तर दादानं सगळ्या लॅबसमोर त्या दोन्ही बाटल्या तिला ओतून द्यायला लावल्या होत्या. घरी जाताना ती रडली होती. तेव्हा दादा म्हणाला होता, "आज रडलीस ते बरं झालं, आता जन्मात चुकणार नाहीस." आणि खरंच ती चुकली नव्हती.

पण तिला आता त्या डब्या बनल्या त्या दुपारचा प्रसंग आठवला. आठवला म्हणण्यात अर्थ नाही, तो इतके दिवस मनात खड्यासारखा टोचत होता आणि ती त्याच्यावर पाय टाकत नव्हती, एवढंच. ती डब्यांच्या ताटल्या घेऊन आत आली होती. दादा हूडशी उभा होता, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून. पलीकडून साहेब बोलत होते, विभागप्रमुखाच्या जागेबद्दल. दादाचा चेहरा असा काही उजळला होता की बघत राहावं. रांगेत सहावी बाटली बंद होती, नववी बंद होती, आणि मधल्या दोन रांगेबाहेर ओढलेल्या, उघड्या. दोन झाकणं टेबलावर पालथी, आकडे खाली.

"दादा, दोन?" ती म्हणाली होती.

त्यानं हातानंच तिला गप्प केलं. मग फोनवर हो सर, नक्की सर करत त्यानं दोन्ही बाटल्यांत जोड-रसायन घातलं आणि दोन्ही झाकणं लावून टाकली. कुठलं कुठल्यावर ते त्यानं पाहिलं नाही. आठव्या आम्लाला नासलेल्या लोण्याची घाण मारायची खरी, पण हूडमध्ये शेजारच्या चार बाटल्यांनाही तीच घाण लागायची, त्यामुळे नाकाचा काही उपयोग नव्हता. धाकटीनं झाकणांवरचे आकडे बघून ताटल्या ओतल्या. दादाच्या हातावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

म्हणजे चिपवर सात लिहिलेल्या त्या डबीनं प्रत्यक्षात आठवं आम्ल पोटात घेतलं होतं. जंतू मारला तो आठव्यानं. सातव्यानं बिचाऱ्यानं काही केलंच नव्हतं, तर ते पुन्हा काय करणार? बाटल्या कधीच धुऊन झाल्या होत्या, डबीतला थेंब परीक्षेत संपला होता, आणि रेणूचं वजन सांगणाऱ्या यंत्राच्या नोंदीला विचारावं तर सातवं आणि आठवं वजनाला तंतोतंत सारखी. विचारण्यासारखा एकच साक्षीदार शिल्लक होता, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता. धाकटीला उलट हायसं वाटलं. दादा आहे म्हटल्यावर आता घोर नाही, असं वाटण्याइतकी ती त्या वयातही भोळी होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला गाठलं. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला होता. तिनं सगळं सांगितलं, हळू आवाजात, अगदी खूश होऊन. म्हणजे औषध गेलेलं नाही दादा, शेजारच्या बाटलीत आहे!

दादानं डबा बंद केला.

"मी दोन झाकणं काढतो?" तो म्हणाला. "मी?"

"एरवी नाही रे. त्या दिवशी. साहेबांचा फोन होता बघ."

"तुला भास झाला असेल."

"मी तुला म्हटलंसुद्धा, दादा, दोन? तू हातानं गप्प केलंस."

"फोनवर असताना कुणीही बोललं तर मी गप्पच करतो." तो हसला. "आणि समज झालं. ताटल्या ओतल्या कुणी? तू. ओतताना बघायचं नाही?"

"झाकण बघूनच ओतल्या ना. चुकलं म्हण हवं तर माझं. दोघांचं चुकलं म्हणू. पण साहेबांना सांगू या, म्हणजे आठवं करायला मिळेल."

दादानं आजूबाजूला पाहिलं. "या महिन्यात माझ्या जागेचा निर्णय आहे. ठाऊक आहे ना तुला? त्या दिवसाच्या सगळ्या डब्या बाहेरच्या कंपन्यांना गेल्यात. बाटल्यांची अदलाबदल झाली असं एकदा तोंडातून गेलं, की एकूणएक डबीवर संशय. कुणाच्या अंगाशी येईल?"

"मग साहेबांना नको सांगूस. मला सांग. मला एकटीला सांग की झालं होतं, एवढंच."

"झालंच नाही तर काय सांगू?" दादा म्हणाला, आणि डबा उचलून चालू लागला.

तो जाताना त्याच्याकडे बघून धाकटीला एक गोष्ट कळून चुकली. त्याला सगळं आठवत होतं. विसरलेला माणूस आधी गोंधळतो, आठवून बघतो. हा क्षणभरही गोंधळला नव्हता.

दोन दिवसांनी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब गृहस्थ वाईट नव्हते, फक्त दुपारनंतर त्यांना कुठलीही अडचण नको असायची आणि बैठका ते दुपारनंतरच ठेवत. जंतूवालीनं आपले निकाल वाचून दाखवले. धाकटीनं घसा खाकरून सांगितलं की सातव्या आणि आठव्या बाटलीची झाकणं बदलली असण्याचा संभव आहे, आठवं एकदा करून बघायला परवानगी द्यावी. कुणी बदलली हे ती बोलली नाही. ते बोलायचं काम तिनं दादासाठी राखून ठेवलं होतं. शेवटच्या घटकेला तरी त्याला लाज वाटेल, असा तिचा हिशेब होता.

"त्या दिवशी हूडवर कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी होतो," दादा म्हणाला. "आणि सर, ती माझी बहीण आहे म्हणून मी तिला पाठीशी घालणार नाही. झाकणांचं काही झालेलं नाही. खरी गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण तिचा गाभाच कच्चा आहे. मण्यांवरून सोडवताना तुटतो. पहिल्यांदा जंतू मेला तो त्या तुटलेल्या कचऱ्यामुळे मेला असणार. असे योगायोग होतात."

सख्ख्या बहिणीबद्दल इतकं परखड बोलणारा माणूस पाहून साहेबांचे डोळे आदरानं भरून आले. झाकणं नाकारील, हात वर करील, इथपर्यंत तिनं धरलं होतं. तो तिच्या गाभ्यावर हात घालील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो कड्यातला प्रत्येक सांधा त्याला ठाऊक होता, कारण पहिलं चित्र तिनं त्यालाच दाखवलं होतं.

"तुटत नाही," ती म्हणाली. "मी थंडीत सोडवते. तुकडा न् तुकडा तपासलाय मी."

"हे बघा," साहेब मायेनं म्हणाले, "आपल्या लेकरासारखं असतं हे, मला कळतं. पण तुमचे बंधूच म्हणतायत म्हटल्यावर..."

जंतूवालीनं टेबलाखालून धाकटीचा हात दाबला. तोंडानं मात्र तीही काही बोलली नाही. तिला दोन मुलं होती आणि नवरा घरी बसलेला होता. धाकटीनं तिला मनातल्या मनात माफ केलं, पण दादाला करता येईना.

घरी आई वाटच बघत होती. आई धाकटीकडे राहायची, दादा आणि वहिनी पलीकडच्या वस्तीत. दादाचा फोन आधीच येऊन गेला होता, म्हणजे आईला सगळं कळलेलं होतं, आणि अर्थातच उलटं कळलेलं होतं.

"चारचौघांत त्याचं नाव घेतलंस म्हणे," आई म्हणाली.

"नाव घेतलं नाही. तेच चुकलं माझं."

"तुझे बाबा गेले तेव्हा तू केवढी होतीस? बोट धरून त्यानं तुला शाळेत नेलं. स्वतःचा अभ्यास सोडून तुझी गणितं सोडवत बसायचा. त्या नोकरीतसुद्धा त्यानंच घातलं ना तुला? आता त्याला चांगले दिवस येतायत, तर तुझ्या डोळ्यांत खुपायला लागले?"

"आई, तो खोटं बोलला."

"मोठा आहे. बोलला असेल काही कारणानं. तू जरा पडतं घेतलंस तर काय बिघडेल?"

धाकटीला वाटलं, एक वाटी फेकून भिंतीवर फोडावी. तिनं ती वाटी घासून जागेवर ठेवली. आईशी भांडायला तोंडच उरलं नव्हतं, कारण आई बोलत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दादानं तिच्यासाठी केलं होतं, पुष्कळ केलं होतं. आणि त्याच हातांनी आता तो तिचं सगळं आयुष्य मोरीत ओतत होता. या दोन गोष्टी एका माणसाच्या अंगात कशा मावतात, हे तिला कुठलंच यंत्र सांगणार नव्हतं.

नेमणूक संपायला आठवडा उरला होता. धाकटीनं शेवटचा प्रयत्न करून बघायचं ठरवलं. गाभा तिच्याकडे तयार होता, फक्त आठवं आम्ल हवं होतं. घाण मारणाऱ्या रसायनांचं एक वेगळं कपाट होतं आणि त्याची किल्ली दादाकडे असायची. ती त्याच्या खोलीत गेली. दाराबाहेर नवी पाटी लावायला माणूस आला होता, स्क्रू बसत नव्हते म्हणून कुरकुरत होता.

"किल्ली दे," ती म्हणाली. "एकदाच करून बघते. जंतू नाही मेला, तर साहेबांसमोर तुझी माफी मागीन आणि जाईन."

"नसत्या गोष्टीवर रसायन वाया घालवायचं?"

"नसतीच असेल तर घाबरतोस कशाला? दे ना."

दादानं खण उघडला. किल्ली तिला दिसली, लाल दोऱ्यात बांधलेली. त्यानं ती उचलली, क्षणभर तळहातावर धरली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"घरी जा," तो अगदी हळू म्हणाला. "दमली आहेस तू. मी बघतो तुझ्यासाठी दुसरीकडे कुठे."

आणि त्यानं खरंच बघितलं, हे सांगायलाच हवं. त्याच्याच ओळखीनं धाकटीला सांडपाणी तपासण्याच्या एका लहानशा लॅबमध्ये जागा मिळाली. कारखान्यांतून बाटल्या यायच्या, त्यात गाळ किती, क्षार किती ते बघून कळवायचं. ती गेली, कारण घर चालवायचं होतं. आईनं दादाला फोन करून आशीर्वाद दिले. धाकटीनं फोन केला नाही. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणंच बंद झालं. आई एकदा याच्याकडून, एकदा तिच्याकडून निरोप पोचवायची आणि रडायची.

थंडी पडायला लागली त्या सुमाराला एका दुपारी दादाचा फोन आला. धाकटी गाळाच्या बाटल्या उन्हात मांडत होती. नाव बघून तिनं हातातली बाटली खाली ठेवली. माणूस किती मूर्ख असतो बघा, तिला वाटलं, आला दादा ताळ्यावर. आता म्हणेल, चुकलं माझं.

"कशी आहेस?" दादा म्हणाला. "आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"बरं, एक विचारायचं होतं. तुझ्या नोंदीत गाभा सोडवताना नुसतं 'थंड' असं लिहिलंय. किती थंड गं? माझा तुटतोय. दोनदा तुटला."

धाकटीला आधी कळेचना. "तू कशाला करतोयस? कच्चा आहे ना तो?"

"असंच. साहेब म्हणाले, सोडण्याआधी एकदा नीट बघा. लवकर सांग बाई, इथं सगळे माझ्या नावानं शंख करतायत. मजलाभर घाण सुटलीय, जंतूवाली तर नाकाला फडकं बांधून फिरतेय."

धाकटी उन्हात उभी होती तशीच उभी राहिली. सातव्याला वास नव्हता. सगळ्या रांगेत घाण मारणारं आम्ल एकच होतं. त्यानं नववं करून पाहिलं नव्हतं, सहावं नाही, कुठलंच नाही. तो सरळ आठव्याकडे गेला होता. लाल दोऱ्याची किल्ली काढून, कपाट उघडून, सरळ आठव्याकडे.

"आठवं करतोयस तू," ती म्हणाली.

पलीकडे काचेवर काच ठेवल्याचा आवाज आला.

"दादा, दोन झाकणं होती ना?"

"कसली झाकणं?" दादा म्हणाला. त्याचा आवाज जराही हलला नाही. "मला आपलं अनुभवानं वाटलं, शेजारचं एखादं करून बघावं. हे बघ, सांगायचं नसेल तर राहू दे. तुटतंय तर तुटू दे. मी बंद करून टाकतो काम."

हे मात्र त्यानं बरोबर वर्मावर मारलं. धाकटीला फोन गाळाच्या बाटलीत बुडवावासा वाटला. नाही सांगत जा, असं अगदी ओठावर आलं. पण तो बंद करील हे तिला ठाऊक होतं. मग तो गाभा पुन्हा कुणी हातात घेणार नव्हतं. जंतूवालीच्या बशीतला तो जंतू बशीत राहत नसतो, माणसांच्या छातीत राहतो, हेही तिला ठाऊक होतं. आणि या सगळ्याच्याही खाली, सांगायला लाज वाटते अशी गोष्ट ही, की आपलं कडं कुणाच्या तरी हातात नीट, अख्खं उतरावं असं तिला वाटत होतं. मग तो हात चोराचा का असेना.

"नुसत्या बर्फानं भागत नाही," ती म्हणाली. "बर्फात मीठ टाक. भरपूर. ज्या आम्लानं सोडवतोस तेही त्याच्यातच आधी गार करून घे, आणि थेंब थेंब घाल. घाई केलीस की तुटतो."

"हां," दादा लिहून घेत होता. "थेंब थेंब. बरं. आईला सांग येतो म्हणून."

धाकटीनं फोन ठेवला आणि राहिलेल्या बाटल्या मांडल्या. संताप दादाचा आला होता की स्वतःचा, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

औषध चाललं. जंतूवालीनं कळवलं, तेही फोनवर, पण ओरडून नाही. जंतू पुन्हा साफ आडवा झाला होता. एका अनुभवी माणसानं चिपच्याही पुढचं पाहिलं, असं साहेब जो भेटेल त्याला सांगत होते. चिपा होत्या तशाच राहिल्या. त्या दिवसाच्या सगळ्या डब्या आपापलं खोटं पोटात घेऊन कुठल्या कुठल्या कपाटात बसून होत्या, आणि त्यांना कुणी काही विचारायला जाणार नव्हतं.

मग सत्कार झाला. आईचा गुडघा दुखत होता म्हणून ती गेली नव्हती. वहिनीनं आईच्या फोनवर चित्रफीत पाठवली. धाकटी कामावरून आली तेव्हा आई डोळे पुसत तीच बघत होती, कितव्यांदा कोण जाणे.

"ये, ये, बस इथं. तुझं नाव घेतलंय त्यानं. सगळ्यांसमोर!"

धाकटी चप्पल न काढताच आईशेजारी बसली. छोट्याशा पडद्यावर दादा माइकसमोर उभा होता, नव्या कोटात, डोळे भरून आलेले. गाभ्याचं चित्र त्याच्यामागे भिंतीएवढं मोठं लावलेलं होतं. तो म्हणत होता, "यश कधी एकट्याचं नसतं. माझी धाकटी बहीण इथं आमच्याबरोबर काम करायची. तिनं मला एक छोटीशी युक्ती सांगितली होती. आज ती इथं नाही, पण मी तिचे जाहीर आभार मानतो." टाळ्या पडल्या. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बघितलंस?" आईनं धाकटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "उगाच राग धरून बसली होतीस. काय गं सांगितलं होतंस त्याला?"

"बर्फात मीठ टाकायला," धाकटी म्हणाली.

"एवढंच?" आईचे डोळे पुन्हा भरून आले. "एवढ्याशा गोष्टीचीसुद्धा आठवण ठेवली बघ त्यानं."